पाइनच्या मुळाशी

थंडीतल्या पहाटे वारा सुटला, की शहापूरच्या आमच्या अंगणात रेशमी साडीची घडी मोडल्यासारखा आवाज व्हायचा, आणि जन्मभर हातमागावर वाकलेली पाठ पाइनच्या खोडाला टेकवून आमचे हे डोळे मिटून तो ऐकत उभे असायचे. माग विकला त्या वर्षी लष्करी कॅम्पातल्या नर्सरीतून त्यांनी ते वीतभर रोप आणलं होतं. तुटला धागा सांधणारी त्यांची बोटं मग त्या सुयांसारख्या पानांतून फिरायची, जणू मागावरच्या उभ्या धाग्यांचा हिरवा ताणाच पुढ्यात पसरलाय. वाळल्या सुया वेचून त्याच बुंध्याशी अंथरायचे. आणि पाणी? आठवड्यातून एकदा, तेही माती बोटानं चाचपून.

"लई पाजू नको गं. ह्याला तहान सोसती."

"एक सोसणारं घरात हाय की, दुसरं कशाला आणलासा?" मी म्हणायची. ते हसायचे, आवाज नाही, नुसते खांदे हलायचे.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर ते गेले. शेवटचे दोन दिवस डॉक्टरांनी तोंडानं पाणी बंद केलं होतं. ते माझ्याकडे बघायचे, आणि मी बापडी ओठांवर ओला कापूस फिरवायची, दुसरं काय करणार? खरं सांगते, ती त्यांची तहान माझ्या जिवाला चिकटून राहिली. म्हणून रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं, की दुसरा तांब्या पाइनच्या मुळाशी ओतायची, दिवेलागणीला तिसरा. हळूच म्हणायची, "प्या."

होळीच्या सुमारास शेंडा तांबूस झाला. उन्हानं असेल म्हणून मी आणखी पाणी वाढवलं. शेवटी नर्सरीतल्या आप्पांना बोलावलं. त्यांनी मातीत बोट खुपसलं, वास घेतला.

"आक्का, मुळं कुजल्यात की! कोण घालत होतं एवढं पाणी?"

मी एवढंच विचारलं, "हिरवं व्हईल न्हवं परत?"

"न्हाय आक्का. ह्याची वाळली फांदी परत फुटत न्हाय."

आता वारा येतो, पण घडी मोडत नाही. सुया तेवढ्या गळतात, आणि मी त्या वेचून, त्यांच्याच रीतीनं, बुंध्याशी अंथरते. तुळशीपाशी उभी राहिले, की हात अजून दुसऱ्या तांब्याकडे जातो आणि रिकामाच माघारी येतो. काळ माणसाला एकदाच नेतो. त्या माणसाची मागं राहिलेली सावली मात्र आपणच, मायेनं, तांब्या-तांब्यानं बुडवत असतो.