बस चालेल का?

शीला तुस्कानो रुवीतल्या एका दवाखान्यात नर्स होती, आणि गरज नसताना मस्कतमध्ये पायी हिंडणारी बहुधा एकटीच. सराव म्हणून रोज ड्युटी संपली की नवे बूट घालून ती हमरियापर्यंत चालायची. तेवढ्या वाटेत दिसेल तो टॅक्सीवाला हॉर्न वाजवून थांबायचा. पायी जाणारा माणूस म्हणजे गाडी न मिळालेला माणूस, याबद्दल या शहरात कुणाला शंका नव्हती.

तिला नवस फेडायचा होता. मुलगा चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता, तेव्हा गावी, आगाशीच्या चर्चमध्ये ती संत जेम्सला म्हणाली होती, ‘पोराला बोलतं कर. स्पेनमध्ये तुझ्या कबरीपर्यंत पायी येईन.’ पोरगा बोलला. आता थांबत नव्हता, आणि मराठीचा शब्द काढत नव्हता. पण नवसात भाषेची अट घालायला तीच विसरली होती.

यात्रेचं सगळं हमरियातल्या ट्रॅव्हल एजंट देवेशकडे सोपवलेलं. शुक्रवारी विमान, आणि आज बुधवारी त्याने हसतमुखाने कार्यक्रमाचा कागद पुढे केला.

‘सामोसचा प्राचीन मठ : फोटोपुरता थांबा,’ शीलाने वाचलं. ‘पोर्तोमारीन : गाव धरणात बुडण्याआधी तिथलं चर्च दगड दगड सुटा करून टेकडीवर नेलं. बसमधूनच दर्शन.’

“देवेश, ही बस कुठून आली?”

“एसी आहे ताई. रिक्लायनिंग सीट.”

“मला चालत जायचंय!”

“असं कसं? मी विचारलं होतं.” त्याने फोन उघडून समोर धरला. त्याचा प्रश्न : ‘बस चालेल का?’ तिचं उत्तर : ‘चालत.’

“मग? चालत म्हणजे पायी!”

“मी ‘चालतं’ वाचलं. म्हटलं, टिंब राहिलं असेल. हल्ली कोण देतं टिंब?”

“मी देते! मराठी शाळेत शिकलेय मी. जिथे हवं तिथे देते, नको तिथे देत नाही!”

“आता खलास, ताई. ग्रुपचं बुकिंग आहे. आणि संताला काय कळतंय बसने आलात की कसं?”

“ज्याला नवस ऐकू आला, त्याला बस दिसणार नाही?”

शीलाने कागदावर बोट ठेवलं. “सारिया. इथून पुढे सांतियागोपर्यंत, संताच्या कबरीपर्यंत, पाच दिवसांची पायवाट आहे. इथे मला उतरवा.”

“आणि राहणार कुठे?”

“मठात, धर्मशाळेत. तिथे चालत येणाऱ्यालाच जागा देतात. तुमचा ग्रुप तोवर फातिमाचं तीर्थ करेल.”

“परतीचं विमान लिस्बनहून आहे. सांतियागोहून तिथवर?”

शीलाचे दात आवळले गेले. “तिथे बस चालेल.”

“ताई, एवढं मेसेजवर टाका. टिंबासकट.”

“‘चालेल’ला टिंब नसतं!”

ती तरातरा बाहेर पडली. सारियाला उतरायचं ठरलं होतं, तरी डोकं तापलेलंच होतं. वळणावर टॅक्सी थांबली. ओमानी ड्रायव्हर मोडक्या हिंदीत म्हणाला, “किधर?”

“नको,” ती खेकसली. “चालत!”

“चलते? यल्ला, बैठो!” आणि त्याने आतून दार उघडलं.

शीलाने दार धाडकन लावलं, बोटाने आपले बूट दाखवले आणि चालू पडली. त्याने बूट निरखून पाहिले, मान डोलावली, आणि पुढच्या सिग्नलपर्यंत शेजारून हळूहळू गाडी चालवत राहिला, न जाणो बाई दमलीच तर.