ओल्या पोत्याजवळची जागा

खिडकीतल्या ओल्या पोत्याजवळची गार जागा अखेर मलाच मिळाली. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. गोष्टीत अजून माझा जन्म व्हायचा आहे.

मित्रांनो, मी एक जुनी पानकापी मधमाशी आहे. जुनी म्हणजे दीड महिन्याची. आमच्यात या वयाला पेन्शन बसते. आम्ही मध करत नाही, पोळं बांधत नाही, आम्हाला राणीही नाही. एकेकटीने पोकळ नळी शोधायची, पानांचे गोल तुकडे कापून तिच्यात खोल्या करायच्या, प्रत्येक खोलीत परागाचा एक लाडू आणि एक अंडं ठेवायचं, दार लावायचं आणि निघून जायचं. त्यामुळे आमच्यात आईशी भांडण होत नाही. बहिणीशी होतं.

माझा जन्म १९७३ च्या मे महिन्यात नागपूरला, तांडापेठेत, मारोतराव विणकरांच्या घरी झाला. त्यांच्या मागाला कांड्या लागत. कांडी म्हणजे आडवं सूत गुंडाळायची बोरूची नळी. जास्तीच्या कांड्यांची जुडी बाहेर टिनाच्या छपराखाली टांगलेली होती. आईने त्यातल्या दोन भरल्या. एकीत मी, दुसरीत माझी धाकटी बहीण. लाडू दोघींना सारखेच होते. मी तोलून पाहिले नाहीत, पण आईवर माझा विश्वास आहे.

मग मारोतरावांच्या पत्नी कुसुमावती यांनी जुडीतल्या मूठभर कांड्या आत नेल्या. त्यात बहिणीची कांडी गेली. मारोतराव तार घेऊन ती मोकळी करायला बसले.

"राहू द्या नं जी," कुसुमावती म्हणाल्या. "कोनाचं तरी बाळंतपण होऊन राहिलं त्यात."

"कांड्या मागासाठी हायेत का माश्यांच्या दवाखान्यासाठी?"

असं म्हणून त्यांनी तार ठेवली आणि कांडी खिडकीच्या फटीत खोचली. उन्हाळ्यात सूत वाळून तुटू नये म्हणून त्या खिडकीवर पोतं भिजवून टाकलेलं असे. सूत हे त्या घरातलं सर्वांत लाडकं मूल होतं. त्याच्या नावावर बहीण गारव्यात वाढली. मी टिनाखाली भाजत राहिले.

मित्रांनो, फार उकाड्यात अळी घाईघाईने वाढते. खाल्लेलं अंगी लागत नाही. नुसतं जिवंत राहण्यातच खर्च होतं. आणि एकदा पंख फुटले की संपलं. मग कितीही खा, अंग वाढत नाही. मी लवकर बाहेर पडले, तांदळाच्या दाण्याएवढी. बहीण सावकाश वाढून मागाहून आली, शेंगदाण्याएवढी.

शेजारच्या चंद्रकलाबाई सूत उकलायला बसल्या होत्या. आम्हा दोघींना खिडकीशी बघून त्या म्हणाल्या, "हे मायलेकी दिसतात वं, कुसुम."

माय ती आणि लेक मी. त्या दिवशी मी एकही पान कापलं नाही.

तिचं सगळंच मला बोचायचं. ती एका खेपेत आणी तेवढं पान आणायला मला दोन खेपा लागत. चंद्रकलाबाईंनी गुलाबाच्या पानांना पडलेली भोकं सगळ्या गल्लीला दाखवली आणि बकरीवर आळ घेतला. त्यातली सुबक भोकं बहिणीची होती. बकरीनेही ती कबूल केली असती.

मग माझी अंडी घालायची वेळ आली. टिनाखाली घातली असती तर माझ्या मुलीही तांदळाच्याच राहिल्या असत्या, आणि त्यांच्या मावसबहिणी शेंगदाण्याच्या. खिडकीत कांडी एकच होती, तीही बहिणीने धरलेली. मी आत शिरले. बहिणीने डोक्याने ढकलून मला बाहेर काढलं. मी पुन्हा शिरले, पुन्हा निघाले. तिसऱ्यांदा मी नुसतीच जवळून गेले, सहज आल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी मारोतरावांच्या हाती एक बारीक कांडी आली. "चातीवर बसत नाही हे," कांडी भरायच्या चरख्याच्या सळईकडे बोट दाखवत ते कुसुमावतींना म्हणाले. "ठेव त्या माशीजवळ. एका कांडीले दुसरी होऊन जाईन."

"आता कोन दवाखाना खोलून राहिलं?" कुसुमावतींनी विचारलं.

मारोतरावांनी स्वतःच कांडी फटीत खोचली. मग ते पोतं भिजवायला गेले.

त्या कांडीवर बहीण आधी पोचली. तिचं डोकं डोळ्यांपर्यंत आत गेलं आणि अडकलं. मग बराच वेळ नुसते पाय हलत होते. मी ते सावकाश पाहून घेतलं. ती निघाल्यावर मी आत गेले, कुठेही न घासता.

जूनमध्ये माझी थोरली मुलगी बाहेर आली. मावशीएवढी नव्हती, कारण मला लाडू लहानच आणता आले होते. पण माझ्यापेक्षा डोकंभर मोठी होती. मला आधी मत्सर वाटला, मग आनंद झाला, मग सवयीने पुन्हा मत्सर. तिने पंख वाळवले आणि धक्का देऊन मला बाजूला सारलं. तिने मला ओळखलं नाही. आमच्यात ओळखत नाहीत. मीही आणखी थोडी सरकले. तिला जागा जास्त लागत होती.

मित्रांनो, कोणतीही पोकळ नळी तारेने साफ करण्याआधी आत डोकावून पाहा. एवढं तुमच्याकडे. बाकीचं वर पाठवत आहे:

माननीय सूर्यसाहेब, नागपूर विभाग, यांस सविनय विनंती की, मे महिना एकट्या टिनावर न टाकता सर्व छपरांना समप्रमाणात वाटून देण्यात यावा. तसेच गेल्या मे महिन्यात अर्जदाराच्या अंगात आलेली तूट, वयाचा विचार न करता, मागील तारखेपासून भरून मिळावी.