पत्रिकेआधी रक्त

मांडवगण फराट्याच्या रानात सारजाबाई कांदा काटत होती. ऊन असं, की ढेकळाला हात लावला तर चटका बसावा. भिमाजी, तिचा नवरा, बांधावरून खुशीत आला.

"नीलमचं जमल्यात जमा हाय. पोरगा रविराज, रांजणगावात कंपनीत. पत्रिका जुळली. रविवारी सुपारी फोडू."

सारजाबाईनं विळा खाली ठेवला. "आदी पोराचं रगात तपासा. आपल्या नीलमचंबी."

भिमाजी बांधावर टेकला. त्याला थोरली लेक रतन आठवली. तीबी अशीच पत्रिका जुळवून दिलेली. जावई गेला तवा लोक टीबी म्हणाले. रतनचं एचआयव्ही कळलं, तोवर उशीर झाला होता, पोर वाचली नाही. वर सासरच्यांनी तिच्याच नावानं बोटं मोडली.

रविवारी बैठक बसली. भिमाजीनं चाचरत विषय काढला, तसा रविराजचा चुलता दगडोबा ताठ झाला.

"आमचं पोरगं काय बाजारातला बैल हाय? दात मोजून घेताय?"

"बैलाचे दात बघताच की आप्पा," सारजाबाई आतून म्हणाली. "मग जल्माच्या जोडीला कसली लाज?"

"तुमच्या पोरीचं करा आदी."

नीलमनं ते ऐकलं. दुसऱ्याच दिवशी एकटी एसटीनं शिरूरच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या बाईनं दार लोटून तिला नीट समजावलं, मग रक्त घेतलं. काही निघालं नाही. तो कागद घेऊन ती आईबापासंगं दगडोबाच्या दारात उभी राहिली.

"माझं झालं. आता तुमच्या पोराचं."

दगडोबानं कागदाला हात लावला नाही. रविराज ओट्यावर मान खाली घालून मोबाईल चाळत राहिला.

"चांगल्या घरची पोरगी असल्या तपासणीला जाती व्हय?" दगडोबा म्हणाला. "मनात खोट असल्याबिगर कोन सुई टोचून घेतंय?"

स्थळ मोडलं. ते वाक्य मात्र गावोगाव फिरलं. पुढं दोन पाव्हणे बघायला निघाले आणि वाटेतूनच माघारी वळले. भिमाजी बायकोवर चिडायचा, नीलम मुकाट खुरपायला जायची. सारजाबाईला घास गोड लागत नव्हता. पण मी चुकले, असं ती एकदाही म्हणाली नाही.

दीड वर्ष गेलं. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात सारजाबाई मेथी विकत बसली होती. एक बाई आली, जुडी उचलली, पुन्हा ठेवली आणि तिथंच उकिडवी बसली.

"मी रविराजची सासू. अनसाबाई." आवाज खाली गेला. "माझ्या लेकीला, ज्ञानेश्वरीला, सातवा लागलाय. दवाखान्यात रगात बघितलं... तिला आन् रविराजला, दोघांनाबी निघालं."

सारजाबाई तिच्याकडं सरकली. "गोळ्या चालू केल्या का?"

"व्हय. वेळंवर घेतल्या तर लेकरू वाचंल म्हनत्यात."

"वाचंल. तीबी जगंल. आमच्या रतनच्या येळंला आमाला ठावंच न्हवतं. एक दिस चुकवू नका म्हनावं."

अनसाबाईनं पदर तोंडाला लावला. "बाई, तुमाला आदीच कसं कळलं व्हतं?"

"मला कुठं काय ठावं व्हतं? म्हनून तर तपासा म्हनलं."

"आमच्यापतुर आली व्हती ती गोष्ट," अनसाबाई म्हणाली. "आमी म्हनलं, तुमच्या पोरीतच कायतरी असंल. आन् घाई करून आमची दिली."

सारजाबाईनं मेथीची जुडी उचलून तिच्या हातात ठेवली. मागं कुणीतरी मेथीचा भाव विचारत होतं.