डाव्या बाजूचे टायर

अर्विड स्टेनरसन दुकानात आले ते फुटलेला टायर काखोटीला मारूनच. टायरचा पट्टा सोललेल्या सालीसारखा लोंबत होता.

"ट्वायला, याच्यासारखा एक दे. स्टेपनी लावून आलोय," ते म्हणाले. "मार्जीन गाडीत बसलीय. आम्हाला अंधार पडायच्या आत नदीवर पोचायचंय."

ग्लेन्डाइव्हमधलं हे टायरचं दुकान वडिलांच्या मागे मी चालवते. अर्विड माझ्या वडिलांचे मित्र, वय अठ्ठ्याहत्तर. सहा वर्षांपूर्वी शेती भाच्याला दिली, तेव्हापासून नवराबायको दर उन्हाळ्यात पिकअपच्या मागे ट्रेलर जोडून यलोस्टोन नदीच्या काठाकाठानं हिंडतात. त्या चार चाकांवरच्या घरात स्वयंपाकघर आहे, पलंग आहे. जुलैत नदीचं पाणी उतरलं की वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि त्यांत अकीकाचे रंगीत दगड सापडतात. मार्जीनला त्याचं वेड.

"हा कुठल्या बाजूचा?" मी विचारलं.

"डाव्या."

"गेल्या वर्षी फुटला तो?"

"डाव्याच."

"आणि त्याच्या आधीचा?"

अर्विडनी टोपी काढून डोकं खाजवलं. "डावा. अगं, रस्त्याच्या कडेला काय काय पडलेलं असतं, खिळे, पत्रे..."

"आपण उजवीकडून गाडी चालवतो, रस्त्याची कडा उजवीकडे असते, अर्विड!" पिकअपच्या खिडकीतून मार्जीन ओरडली.

मी टायर उलटा करून त्याच्या अंगावरचे चार आकडे बघितले. बत्तीस, चौदा. म्हणजे दोन हजार चौदा सालचा बत्तिसावा आठवडा. "दहा वर्षांचा म्हातारा आहे हा."

"खाचा बघ किती खोल आहेत. नवा वाटतो."

"खाचा झिजल्या नाहीत, कारण वर्षातले नऊ महिने तो तुमच्या गोठ्यामागे उभा असतो. रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं. हवा किती ठेवता?"

"अडतीस."

"टायरवर पन्नास लिहिलंय."

अर्विड माझ्या जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पन्नास भरली की ट्रेलर उड्या मारतो. मार्जीनच्या आईचे कप आहेत आत. दोन फुटले, तर दिवसभर बोलली नाही. मग मी हवा कमी केली."

यावर रागवायचं तरी कसं? तरी मी सांगितलं, की हवा कमी असली की टायरची कड सारखी दुमडते, दुमडून दुमडून तापते, आणि भर उन्हात एक वेळ अशी येते की तो सोसत नाही. मग त्यांनी विचारलं, की घरी मोटारीचे दोन जुने टायर पडलेत, ते चालतील का. मी म्हटलं, नाही. वळणावर ट्रेलरची चाकं आडवी घासतात, त्याला जाड अंगाचा, ट्रेलरचाच टायर लागतो.

पण ही कमी हवा तर चारही चाकांत होती. मग फुटतो तो डावाच का, हे मला कळेना.

"चला, वजन करू या," मी म्हटलं.

समोरच धान्याच्या कोठाराचा, ट्रक तोलायचा काटा आहे. आधी ट्रेलरची चारही चाकं त्यावर घेतली: सहा हजार सहाशे पौंड. मग फक्त डावी दोन चाकं काट्यावर राहतील असा ट्रेलर उभा केला. तीन हजार सातशे. म्हणजे उजवीकडे फक्त दोन हजार नऊशे. डाव्या दोन टायरांची ताकद भरपूर हवा असताना छत्तीसशे चाळीस, आणि ह्यांनी तर हवा अडतीसवर आणलेली.

"आठशेचा फरक?" अर्विड म्हणाले. "काटा बिघडलाय."

"काटा ठीक आहे. डावीकडे स्वयंपाकघर आहे, पण फ्रिज आणि शेगडी धरून एवढं होत नाही. अजून काय आहे?"

मार्जीन एव्हाना खाली उतरली होती. ती ट्रेलरकडे न बघता आभाळाकडे बघत होती.

"थोडेसे दगड आहेत," ती म्हणाली. "बाकाखाली."

बाक उचललं तर खाली कॉफीचे डबे, पावाच्या पिशव्या, अर्विडचे जुने लोकरी मोजे, सगळे अकीकांनी ठासून भरलेले. आम्ही एकेक डबा बाहेर काढला आणि माझ्या दुकानातल्या छोट्या काट्यावर तोलला. दोनशे दहा पौंड.

"तरी हिशेब लागत नाही," मी म्हटलं, आणि डाव्या बाजूच्या मागच्या कप्प्याच्या झाकणाला हात घातला.

अर्विड आडवे आले. "त्यात पाण्याचा पाइप आहे."

"पाइपाला कुलूप?" मार्जीननं विचारलं.

अर्विडनी किल्ली काढली, पण उघडायला काही धजेनात. शेवटी तिनंच ती त्यांच्या हातातून घेतली. आत गुरांच्या खाद्याच्या पाच बादल्या होत्या. पाचही काठोकाठ दगडांनी भरलेल्या, तोलल्या तर तीनशे पौंड.

मार्जीननं एक बादली पुढे ओढली. "तू पहाटे फिरायला जायचास ते..."

"फिरायलाच जायचो. पण रिकाम्या हातानं परत येववायचं नाही."

"सहा उन्हाळे? आणि मला एकदाही दाखवावेसे वाटले नाहीत?"

"काय दाखवू? तू दगड उन्हाकडे धरलास की आतून केशरी दिसतो, शेवाळासारखी नक्षी दिसते. मी धरला की मला माझा अंगठा दिसतो," अर्विड म्हणाले. "म्हटलं, एखादा खरा निघाला की सगळेच एकदम देईन."

मार्जीन एक बादली काट्याशेजारी ओतून, तीच उलटी मांडून तिच्यावर बसली आणि एकेक दगड उन्हाकडे धरून बघू लागली. बहुतेक साध्या गारगोट्या. काही दगड झालेली लाकडं. एक तर चक्क फुटक्या विटेचा तुकडा, नदीनं गोल केलेला. तो तिनं ॲप्रनच्या खिशात टाकला. पाचही बादल्या चाळून पुन्हा भरेपर्यंत दोन तास गेले आणि तिच्या मांडीवर नऊ अकीक जमले.

"नऊ," ती म्हणाली.

"तीनशे पौंडांत नऊ?"

"मला पहिल्या उन्हाळ्यात चारच सापडले होते, अर्विड. तुला सांगितलं नव्हतं. सात म्हणून सांगितले होते."

एवढं होऊनही ती अडून बसली: तिचे डबे घरी ठेवा, पण अर्विडच्या बादल्या ट्रेलरमध्येच राहणार. अर्विड म्हणाले, वेडी आहेस का, माझ्या गारगोट्या फेक. दोघं एकमेकांच्या दगडांसाठी भांडत होते आणि माझं गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं.

शेवटी मीच निकाल दिला. टायर दणकट घातले म्हणून चाकांमधला ॲक्सलचा दांडा दणकट होत नाही. चार बादल्या इथेच राहतील. एक बादली आणि सगळे डबे उजव्या बाजूला, पलंगाखाली. चार बादल्या मी दुकानाच्या पायरीशी, जिथे पाणी साचतं तिथे ओतल्या. मार्जीन शेवटपर्यंत बघत उभी होती, आणि ओतता ओतता दोन दगड तिनं परत उचललेच.

टायर मी चारही बदलले, आधीच्यापेक्षा एक दर्जा वरचे. त्यांना हवा लागते पासष्ट, म्हणून आधी रिमच्या आतल्या बाजूचा शिक्का वाचून घेतला, की रिम तेवढी हवा पेलेल ना. पेलणार होती.

"पासष्ट?" अर्विड म्हणाले. "दगडासारखे होतील."

"मग तुमच्या घरात शोभतील."

हवा त्या दिवशी अंदाजानंच भरली. टायर थंड असताना मोजलेली हवाच खरी, म्हणून त्यांना रात्री माझ्या आवारातच ठेवून घेतलं. सकाळी ऊन यायच्या आत मार्जीननं स्वतः गेज लावून चारही चाकं पासष्टवर आणली. कप तिनं टॉवेलात गुंडाळून पलंगावर उशांच्या मध्ये ठेवले होते. पुन्हा काट्यावर गेलो: डावीकडे एकतीसशे नव्वद, उजवीकडे एकतीसशे सत्तर.

ऑक्टोबरमध्ये ते परतताना थांबले. दुपारची वेळ होती, दोनशे मैल करून आले होते. मी चारही टायरांवर तळहात ठेवला. सगळे सारखेच कोमट.

"आता मी सापडल्या सापडल्या दाखवतो," अर्विड म्हणाले. "ही उन्हाकडे धरते, 'नाही' म्हणते आणि नदीत फेकते. दिवसातून वीस वेळा नाही म्हणते ही बाई!"

सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मी विचारलं, "आणि हो कितीदा म्हणाली?"

"सहादा," मार्जीननं उत्तर दिलं, आणि त्यांच्या कोटाची वर गेलेली कॉलर नीट केली.