एकतिसावा दिवस

“साहब, कल तो कोर्ट खुला था।” कारकून मुनशीजींनी अपिलाची फाइल टेबलावर ठेवली आणि आवाज खाली आणला. “कल आखिरी तारीख थी।”

विलासरावांचा हात चहाच्या कपाशीच थांबला. काल सोमवार, महाकालाची शेवटची सवारी, पालखीची मिरवणूक. त्या दिवशी उज्जैनात शाळा बंद, कचेऱ्या बंद. कोर्टही बंदच असणार, हे त्यांनी चौतीस वर्षांच्या वकिलीत कधी तपासलंच नव्हतं. टेबलाच्या काचेखाली सुट्ट्यांची यादी होती. त्यांनी वाकून पाहिलं. यादी गेल्या वर्षीची होती.

अपिलाला मुदत तीस दिवसांची. आज एकतिसावा.

माधव नगरातल्या ज्या दोन खोल्यांत त्यांच्या पक्षकार माई नवरी होऊन आल्या, ज्यांत विधवा झाल्या, त्या खालच्या कोर्टाने माईंच्या पुतण्याला, श्रीपादला दिल्या होत्या. अपील आत गेलं नाही, तर उद्या तो कब्ज्याचा अर्ज टाकणार. आणि माई इथेच, फ्रीगंजच्या या ऑफिसात समोरच्या बाकावर बसलेल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत डबा.

“देरी माफी की अर्जी लगा देते हैं,” मुनशीजी म्हणाले. “माताजी को बुखार था, लिख दो। सब यही लिखते हैं।”

खरं कारण लिहिलं तर? कोर्ट म्हणेल, वकील झोपला होता काय? बाररूममध्ये पोरं हसतील. विलासरावांनी मान डोलावली. शपथपत्र टाइप झालं.

माईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. “अगंबाई, मला ताप कधी आला, विलासराव? काल तर मी पालखीवर फुलं उधळत होते! अख्ख्या मोहल्ल्याने बघितलं. शेजारच्या कल्पनाने व्हिडिओ पण काढला.”

“माई, ते... कोर्टात असं लिहावं लागतं.”

“कशाला?”

त्यांनी पेन पुढे सरकवलं.

“बरं, राहू द्या. तुम्ही म्हणता तर करते सही.” माईंनी पदराने पेन पुसलं. “तुम्ही का माझं वाईट कराल?”

सहीसाठी त्या कागदावर वाकल्या, तसा विलासरावांनी कागद हळूच ओढून घेतला.

“मुनशीजी, दुसरा कागद लावा. मेरे नाम का शपथपत्र.”

“साहब! अपनी गलती खुद लिखोगे? कल से कौन आएगा यहाँ?”

“लावा म्हणतो ना.”

त्यांनी स्वतः मजकूर सांगितला, शब्दन् शब्द. सुट्टी आहे असं मी गृहीत धरलं. यादी पाहिली नाही. पक्षकाराची यात काही चूक नाही.

माईंना घेऊन ते टावर चौकाजवळच्या नोटरीकडे गेले. त्याने कागद वाचला, वर पाहिलं, पुन्हा वाचला.

“वकील साहब, आपको तो मैं बरसों से जानता हूँ। पर रजिस्टर में पहचान वाले के दस्तखत तो चाहिए।”

आजवर हजारो लोकांच्या शपथपत्रांखाली विलासरावांनीच लिहिलं होतं: यांना मी ओळखतो. आज पेन हातात होतं, पण स्वतःला ओळखणारी सही त्यांना स्वतःला करता येत नव्हती. पाठीमागे रिक्षांचे हॉर्न वाजत होते. अडीचला अपिलाचा पुकारा, कोर्ट काय म्हणेल, कोणी सांगावं.

“मैं पहचानती हूँ इनको,” माई पुढे झाल्या. मग त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, “आणा ते पेन इकडे. आणि डबा धरा जरा. करंज्या आहेत, सांडतील.”

वकिलाने दोन्ही हातांनी डबा धरला.

माईंनी सही केली, सावकाश, एकेक अक्षर जोडत. पुढे पत्त्याचा रकाना होता. तिथे पेन क्षणभर थबकलं. मग त्यांनी ठळक अक्षरांत माधव नगरचा पत्ता लिहिला, घराच्या नंबरासकट.