सध्या तीस असू दे

मी तीस बोलतोय. तीस अंश. पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या एका छोट्याशा प्रोग्रामात मी राहत होतो. खरं तापमान कुणी सांगितलंच नाही, तर माझ्यावर काम भागवायचं, एवढ्यासाठी मला ठेवलेलं. आमच्या जातीला डिफॉल्ट म्हणतात.

मला लिहिणारी मुलगी अंडी उबवायची पेटी बनवत होती. पेटी टेबलावर होती, आत अंडी नव्हतीच. बल्ब उगाच तापायला नको म्हणून ती पुटपुटली, "सध्या तीस असू दे." माझा जन्म तो एवढाच. अंड्यांना लागतात साडेसदतीस. तो आकडा तिने वेगळ्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिला.

माझ्या जोडीला तिने एक इशाराही दिला होता: 'तापमान मिळाले नाही, तीस धरून चालत आहे.' मी जागा घ्यायची आणि त्याने बोंब मारायची, अशी आमची वाटणी. पण उष्णता मोजण्यासाठी आयता आणलेला कोड सारखे भलतेच इशारे ओकायचा. "डोकं उठवलंय नुसतं!" म्हणत तिने एका ओळीत सगळेच इशारे गप्प केले. त्यात आमचाही गेला.

मग एके सकाळी तिच्या आत्याचा फोन आला. अंडी उबवत खुडूक बसलेल्या तिच्या काळ्या कोंबडीला कुत्र्याने मारलं होतं. "अंडी अजून गरम आहेत गं. तुझ्या आतोबांनी आणलेल्या कोंबड्यांतली ही शेवटची होती. काहीतरी कर, बाई." आतोबांना जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

भाची पेटी घेऊन धावली. घाईत सेटिंगची फाइल घरीच राहिली, म्हणून तिने तिथेच नवी लिहिली. प्रोग्रामात 'तापमान' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिताना तिने 'ता'ला एकच 'ए' दिला होता. या वेळी दोन दिले. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला आपल्याकडे नियम थोडाच आहे! वाचणाऱ्याला दोन्ही सारखंच, प्रोग्रामला मात्र तो शब्द ओळखीचा वाटेना. साडेसदतीस फाइलमध्ये ताटकळत बसले आणि त्यांच्या जागी मी गेलो.

बल्ब लागला. आत्याचा चेहरा उजळला. "झाकण उघडू नकोस हं, ऊब जाते," भाचीने बजावलं. बिचारीने नाही उघडलं. रोज स्टूल घेऊन पेटीजवळ बसायची आणि अंड्यांशी बोलायची. मला येत होतं तेवढं मी देत होतो आणि ते पुरत नव्हतं. त्याचं दुःख अजून जात नाही.

आठवड्याने भाचीने एकेक अंडं टॉर्चवर धरलं. जिवंत अंड्यात लाल शिरा दिसतात. एकातही दिसल्या नाहीत.

"अगं, पेटी तर चालू होती!" ती रडकुंडीला आली.

"राहू दे पोरी. तू केलंस ना तुझ्या परीने," म्हणत आत्या अंडी टोपलीत भरून परसात घेऊन गेली.

चूक सापडली तेव्हा भाचीने कपाळावर हात मारून घेतला आणि मला काढून टाकलं. मी आता जुन्या प्रतीत तेवढा उरलोय. तापमान मिळालं नाही की नवा प्रोग्राम जागच्या जागी थांबतो आणि ठणाणा करतो. फार बरं केलं तिने. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनो, रंगाला, अक्षराच्या आकाराला खुशाल डिफॉल्ट ठेवा. जिथे जीव आहे तिथे मात्र माझ्यासारख्याला बसवू नका. काम अडलेलं परवडतं. आणि इशारे कितीही पिडोत, एकेकाचं म्हणणं ऐकून घ्या, मगच गप्प करा.

दुरुस्त पेटी घेऊन भाची पुन्हा आत्याकडे गेली. "आत्या, आता चूक होणारच नाही बघ."

आत्याने झाकण उघडलं, रिकाम्या पेटीत हात घातला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"छान ऊब आहे गं," ती म्हणाली. "पण आता ठेवू कुणाची अंडी?"