दोन घरांची वीज

"बंद कर ते! माणूस मेलाय की गिरणी चालू झालीय?" न्यार्को आत्या मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडली.

ताविआनं बटण खाली केलं तशी स्पीकरची घुणघुण थांबली. काळ्या-तांबड्या कापडांतली पाहुणेमंडळी पुन्हा गप्पांना लागली. आज त्याच्या बापाचा, अचेआम्पोंगचा अंत्यविधी. स्पीकर त्यानं स्वतः फळ्या कापून केलेले, अ‍ॅम्प्लिफायरही घरी बांधलेला. कोकोच्या गोदामातली कारकुनी संपली की तो त्या खोक्यापुढे बसायचा. आणि हा सगळा खटाटोप आईसाठी, बरं का. सेरवा म्हणजे मांपोंग गावातली नावाजलेली विलाप गाणारी. घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला, उरली नुसती कुजबुज. नवऱ्यासाठी गायचं तिनं ठरवलं होतं, पण यंत्राशिवाय पहिल्या रांगेलाही ते ऐकू गेलं नसतं.

"जेवणं होईपर्यंत हे नीट झालं नाही ना, तर मी भाड्याची स्पीकरवाली गाडी बोलावणार," आत्यानं बजावलं. "मग गाणी त्यांची. विलापबिलाप काही नाही."

"बोलाव. पण जेवणं होऊ दे," ताविआ म्हणाला आणि खोका उघडून बसला.

ट्रान्सफॉर्मर फिरवून पाहिला, संशय आला तो कपॅसिटर बदलला, एका जोडाला पुन्हा डाख दिला. घुणघुण आपली जागच्या जागी! देणगी देणाऱ्यांची नावं पुकारायला आलेला बोआटेंग वैतागला.

"अरे, अर्थिंगची पिन काप ना. सगळे कापतात."

"लोखंडी माईक आई धरणार आहे. उद्या तिच्याही अंत्यविधीला पुकारायचंय का तुला?"



घरी तर हाच अ‍ॅम्प्लिफायर जराही घुणघुणत नव्हता, मग इथंच काय बिघडलं? माईक ज्याला जोडला होता त्या मिक्सरकडून येणारी वायर त्यानं उपटली. शांत! परत लावली, परत तेच. म्हणजे खोका निर्दोष होता. तो वायरींच्या मागोमाग चालत निघाला. अ‍ॅम्प्लिफायरची विजेची वायर आत्याच्या घरात गेली होती आणि मिक्सरची रस्ता ओलांडून आईच्या घरात.

त्यानं कपाळावर हात मारला. दोन घरं, दोन मीटर, जमिनीत दोन वेगळी अर्थिंग. त्यांच्यातला फरक माईकच्या वायरीतून धावत होता आणि तोच स्पीकरमधून ओरडत होता. आणि हे करणारा तो स्वतःच. काल 'वीज आमची' म्हणून दोघी हटून बसल्या, तेव्हा दोघींचं मन राखायला त्यानंच ही वाटणी केली होती. कुणी काय दिलं ते इथं माईकवरून सगळ्यांदेखत पुकारतात. मेलेला माणूस बहिणीच्या कुळाचा, बायकोमुलं परकीच. आईच्या वाट्याला तेवढी ती वायर होती.

"आत्या, वीज एकाच घरची हवी."

"मग आमची. भाऊ आमचा होता."

"बाप माझा होता."

"होता ना. पण तुझं कुळ तुझ्या आईचं. इथं तू पाहुणा."

संतापानं ताविआचे कान तापले. तो काही बोलणार, तोच मागून आईचा हात खांद्यावर आला.

"माझी काढ," ती कुजबुजली.

"आई, मग तुझं नाव पुकारणार नाहीत."

"मला गायचंय रे. ती वायर काय गळ्यात घालू?"

रस्ता ओलांडून त्यानं आईच्या घराच्या भिंतीतून प्लग ओढला. इतकं वाईट त्याला बापाच्या शवपेटीचं झाकण लावतानाही वाटलं नव्हतं. मग मिक्सर आत्याच्याच बोर्डावर लावून त्यानं बटण वर केलं.

बोआटेंगनं माईक तोंडाशी धरला, पण घुणघुण ऐकू येईना. "अहो, हे बंदच आहे!"

त्याचं वाक्य पार शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत गेलं. लोक हसले, तसा तो ओशाळला आणि घाईघाईनं पुकारू लागला, "वीज दिली न्यार्को यांच्या घरानं!" सेरवाचं नाव कुणी घेतलं नाही.

तिनं माईक हातात घेतला. आधी तिचा श्वास ऐकू आला, ओढून घेतलेला, थोडा घरघरणारा. 

"अचेआम्पोंग," ती म्हणाली, "मी आलेय. ऐकू येतंय का?"

सगळ्यात आधी हुंदका फुटला तो न्यार्को आत्याला.